हवा गेली की हमी गेली

तांबे मावशींच्या हातात कंडोमचं पाकीट आलं की त्या ते आधी कानाशी नेतात.

बाजारात बायका नारळ कानाशी धरून बघतात, तसंच. फक्त मावशी हलवत नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये पाकीट धरून हलकेच दाबतात, डोळे मिटतात, आणि आतली हवा इकडून तिकडे सरकली की मान डोलावतात. "जिवंत आहे." मग पुढचं. आमच्या आरोग्य संस्थेच्या ठाण्यातल्या, वर्तकनगरच्या ऑफिसात फुकट वाटायच्या मालाचं खोकं आलं की मावशी पाय खाली सोडून स्टुलावर बसतात आणि एकेक पाकीट ऐकत जातात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं होतं, "मावशी, कंपनी तपासूनच पाठवते की."

"कंपनीनं तपासलं, टेम्पोनं नाही तपासलं. टेम्पो दोन तास उन्हात उभा होता. हवा गेली की हमी गेली."

हे वाक्य त्या कशालाही लावतात. रिक्षाच्या टायरला, ओल्या पापडाला, निवडून आलेल्या नगरसेवकाला. एकदा आमच्या नव्या मॅनेजरनं 'येत्या वर्षात आपल्याला खूप मोठी झेप घ्यायची आहे' असं तासभर सांगितलं. मावशींनी माझ्या कानाशी येऊन तेवढंच म्हटलं आणि पुन्हा खोकं पुढ्यात ओढलं.

मी या ऑफिसात पत्रकं लिहायला लागले त्याला चार वर्षं झाली. आमच्या घरात पत्रकं ही भाजीपाल्यासारखी आणली जायची; वडील कुठल्याही मोर्चाहून आले की खिशातून दोन-चार निघायचीच. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे पत्रकानं जग बदलतं याबद्दल मला शंका नव्हती. माझं पहिलं पत्रक मी तीन दिवस खपून लिहिलं. मथळा होता, 'देह कोणाचा? निर्णय कोणाचा?' मावशींनी चष्मा लावून ते उभ्याउभ्या वाचलं. मग विचारलं,

"सुजाता, यात कंडोम कितव्या ओळीला येतो गं?"

मी मोजलं. "एकोणिसाव्या."

"तोपर्यंत गडी आटपून झोपला असेल."

मी रागावले. पार्श्वभूमी नको का, म्हटलं. पितृसत्तेचा उल्लेखच नको का? मावशी शांतपणे म्हणाल्या, "असू दे ना. आठ वेळा आहे, राहू दे. पण 'टोक दाबा' एकदाही नाही. पितृसत्ता दाबून काय होतंय? टोक दाबायचं. नाहीतर फाटतं."

त्यांची शिकवण तीन शब्दांची आहे: तारीख, हवा, टोक. पाकिटावरची तारीख बघा, आतली हवा दाबून बघा, चढवताना टोक दाबून धरा. पाकीट दातानं फाडू नका, पैशाच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नका, तेल लावू नका, एकदा वापरलेलं पुन्हा वापरू नका, ही पुरवणी. हे सगळं त्या सोळा वर्षं सांगतायत. नाक्यावरच्या मजुरांना, टेम्पोवाल्यांना, कारखान्यांच्या कँटीनमध्ये, वस्त्यांमध्ये, आणि कोणी बोलावलंच तर कॉलेजातही. माणसं बदलतात, विनोद तेच राहतात. प्रत्येक सेशनला कोणीतरी एक फुगवतोच. कोणीतरी विचारतोच, "मावशी, यात मोठा साइज येतो का?" मावशी न हसता, वही उघडून म्हणतात, "येतो ना. ज्यांना हवाय त्यांनी नाव आणि पत्ता लिहून द्या, मागवते." आजवर त्या वहीत एकही नाव आलेलं नाही.

मला सुरुवातीला याचं फार हसू यायचं. आता येत नाही. मावशींनाही येत नाही. सेशन संपल्यावर त्या चपला काढून सुजलेल्या घोट्यांवर हात फिरवतात आणि म्हणतात, "तोच फुगा, तोच हशा. देवानं माणसाला नवा पाचकळपणा का नाही दिला?" देव त्या मानत नाहीत, पण दमल्या की कोणालातरी बोलायचं असतं.

प्रात्यक्षिकासाठी त्यांच्याकडे एक लाकडी मॉडेल आहे. ऑफिसनं दिलेलं प्लॅस्टिकचं तडकलं म्हणून मावशींनी डोंबिवलीच्या एका सुताराकडून करून घेतलं. सुतारानं ते पलंगाच्या खुराचं काम समजून आणखी तीन करून ठेवले होते. या मॉडेलचं नाव 'साहेब'. भर रस्त्यात काय म्हणणार, म्हणून साहेब. पण त्यानं भानगडी कमी होण्याऐवजी वाढल्याच. एकदा शेअर रिक्षातून मावशींनी मला फोन केला, "अगं, साहेब टेबलावरच राहिले. पूस आणि कपाटात ठेव, नाहीतर झाडूवाली घाबरेल." रिक्षातल्या बाकीच्या दोघांनी म्हणे उरलेला रस्ता एकमेकांकडे बघत काढला.

शब्दांचं दुखणं आमच्या कामात पहिल्यापासून आहे. मजुरांसमोर 'कंडोम' म्हणता येतं, पण कॉलनीत, जिथं दाराला पितळी पाटी आणि आत जाळीचं दुसरं दार असतं, तिथं हा शब्द उच्चारला की जाळीचं दारही लागतं. म्हणून तिथे मावशी सरकारी शब्द वापरायच्या, 'साधन'. एका पाहणीसाठी आम्ही आमच्या बौद्ध समाजाच्या एका कॉलनीत फिरत होतो. एका घरी सत्तरीचे एक गृहस्थ भेटले. पांढरा सदरा, शांत चेहरा, आम्हाला बसायला सांगून स्वतः पाणी आणलं. मावशींनी फॉर्म काढला.

"काका, तुम्ही साधन वापरता का? म्हणजे आता नाही, पण आधी कधी?"

"आता नाही कसं? रोज," काका म्हणाले. "पहाटे एक तास."

मावशींचं पेन थांबलं. "रोज एक तास?"

"पूर्वी सकाळ-संध्याकाळ बसायचो. आता गुडघे धरतात. पण एक वेळ चुकवत नाही."

"आणि काकी?"

"ती माझ्या आधी उठते. दोघं समोरासमोर बसतो. थोरला मुलगाही येतो कधी कधी, पण त्याचं मन लागत नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. काका उत्साहात आले होते. "तुम्ही केलंय कधी? एकदा करून बघा. मी दहा दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. एका हॉलमध्ये दोनशे माणसं. पण एक आवाज नाही हो! आपापल्या ठिकाणी, डोळे मिटून."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काका विपश्यनेबद्दल बोलत होते. त्यांनी 'साधना' ऐकलं होतं. मावशींना अजून कळलं नव्हतं. त्या फॉर्मवर 'शिबिर' हा रकाना शोधत होत्या. खाली उतरल्यावर मी सांगितलं तेव्हा त्या जिन्याच्या कठड्याला धरून पाच मिनिटं हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "संपलं. आजपासून कंडोमला कंडोम म्हणायचं. दार आपटलं तर आपटलं."

आणि त्यांनी ते पाळलं. सगळीकडे. एक जागा सोडून.

ती जागा म्हणजे डोंबिवलीजवळच्या कोपरचं त्यांचं घर.

कोपरला त्यांच्या बिल्डिंगमध्ये मावशी पोलिओच्या कामाला जातात. म्हणजे जात नाहीत, पण बिल्डिंगला तसं माहीत आहे. नवरा वारला तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता, आणि नोकरी लागली ती ही. मुलानं विचारलं, "आई, तू काय करतेस?" मावशींच्या तोंडून निघालं, "पोलिओचे डोस." एकदा निघालेलं मग परत घेता आलं नाही. शेजारणी नातवंडं घेऊन यायला लागल्या. मावशी खऱ्या पोलिओच्या तारखा शोधून, घोकून ठेवायला लागल्या. डोस कुठे मिळेल, बाळाला ताप असेल तर द्यावा का, सगळं त्यांना पाठ. मी एकदा म्हटलं, "मावशी, तुम्ही एका पगारात दोन खाती सांभाळताय."

"काय करू? पोलिओवाली बाई म्हटलं की लोक पाणी देतात."

त्यांची मोठी मुलगी लग्न होऊन चिपळूणला असते. घरात मावशी आणि मुलगा प्रशिक, दोघंच. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. कमी बोलतो. डिसेंबरात त्याचं लग्न ठरलं. मुलगी कळव्याची, स्नेहल. ठाण्याच्या कॉलेजात बी.एड. करते, पहिलं वर्ष चालू. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं एकच अट घातली होती, बी.एड. पूर्ण करणार. सगळ्यांनी 'हो हो' म्हटलं, आणि सुपारी फुटायच्या आत प्रशिकच्या मोठ्या काकांनी जाहीर केलं, "पुढच्या भीमजयंतीला घरात पाळणा हलला पाहिजे."

मावशी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या त्या तोंड पाडूनच. "म्हणजे पोरीचं दुसरं वर्ष गेलं. पोट घेऊन पाठ घ्यायला जाणार का ती शाळेत? सगळे हो म्हणाले, पण कोणी काही करणार नाही. करायला लागतं ना काहीतरी. नुसतं हो म्हणून दिवस थांबतात का?"

"मग तुम्ही सांगा ना," मी म्हटलं. "तुमच्याइतकं कोणाला सांगता येतं?"

त्यांनी खोकं पुढ्यात ओढलं. मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवसापासून मला एक तमाशा बघायला मिळाला. जी बाई तीनशे टेम्पोवाल्यांसमोर साहेबांना हातात धरून तासभर बोलते, ती घरातल्या एका मुलाला एक शब्द सांगायला धडपडत होती.

पहिला प्रयत्न फसला तो असा. प्रशिक बाहेर निघाला होता. मावशी दारात येऊन गंभीरपणे म्हणाल्या, "काळजी घेत जा हो." त्यानं आत येऊन हेल्मेट घेतलं आणि गेला.

दुसऱ्यांदा त्यांनी माझं सुधारलेलं पत्रक नेलं. आता त्यात कंडोम पहिल्या ओळीला आणि 'टोक दाबा' ठळक अक्षरात होतं. ते त्यांनी जेवायच्या वेळी त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. प्रशिक मोबाइलवर मॅच बघत होता. त्यानं आमटीचं गरम पातेलं त्या पत्रकावर ठेवलं. "चांगला जाड कागद वापरतेस गं," मावशी मला म्हणाल्या. "टेबलाला डाग नाही पडला."

तिसऱ्यांदा त्यांनी तीन पाकिटं, अर्थात ऐकून, त्याच्या चांगल्या पॅंटच्या खिशात ठेवली. चिठ्ठी नाही, काही नाही. त्यांना वाटलं, मुलगा हुशार आहे, समजेल. पण ती पॅंट प्रशिकनं घालायच्या ऐवजी इस्त्रीला टाकली. संध्याकाळी इस्त्रीवाला कपड्यांच्या गठ्ठ्यासकट दारात हजर. जिन्यात शेजारच्या काकू उभ्या. त्यानं पाकिटं पुडीत बांधून आणली होती. तोंड सरळ ठेवून म्हणाला, "मावशी, खिशात पोलिओचे डोस राहिले होते."

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"घेतले आणि दार लावलं. अगं, पण ते इस्त्रीच्या टेबलावर दिवसभर पडले होते. निखाऱ्याशेजारी! टाकून द्यावे लागले."

मी हसले, पण मला आतून संतापही आला होता. चार वर्षं मी ज्या बाईला आदर्श मानत होते ती घरी पदर तोंडात धरून बसते, हे मला पटेना. एका दुपारी आम्ही दोघीच वाटायच्या किटच्या पिशव्या भरत होतो. मी पत्रकातल्यासारखं बोलायला लागले. म्हटलं, मावशी, मुलाला नाही जमत ना, मग स्नेहलला सांगा. ती शिकलेली आहे. शरीर तिचं आहे, वर्ष तिचं जाणार आहे. तिच्या हातात द्या. तिनंच नवऱ्याला सांगावं, याच्याशिवाय नाही म्हणून. बायकांनी बोलल्याशिवाय काही बदलणार आहे का?

मावशी पाकिटं मोजत होत्या. मोजायच्या थांबल्या.

"मी बोलले होते की," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"ह्यांना. प्रशिकच्या बाबांना." त्या पिशवीचं तोंड बांधत राहिल्या. "विसाव्या वर्षी पोरगी झाली, एकविसाव्या वर्षी हा. मग तिसरं राहिलं, ते पडलं. महिनाभर अंगावरून जात होतं. दवाखान्यात एक नर्स होती, केरळची. तोडक्यामोडक्या मराठीत तिनं मला सगळं सांगितलं. पाकीट दिलं. मी ते ब्लाउजमध्ये ठेवून घरी आणलं. दोन दिवस हिंमत होईना. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या हातात दिलं, म्हटलं, हे वापरूया, माझ्यानं आता होत नाही."

"ह्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. आणि विचारलं, 'कुठं शिकलीस?'"

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत होता.

"बस. एवढंच. मारलं नाही गं. मारलं असतं तर बरं, कोणाला दाखवता तरी आलं असतं. नर्सचं सांगितलं, तर म्हणाले, नर्सला काय पडलंय? तिथून पुढे रेशनला उशीर झाला की, 'कुठं गेली होतीस?' नवी भाजी केली की, 'कुठं शिकलीस?' माझी पर्स बघायचे. वास घ्यायचे लुगड्याचा. ते जाईपर्यंत. अकरा वर्षं." त्यांनी दुसरी पिशवी घेतली. "वापरलं नाही ते नाहीच. पण मला परत हातही लावला नाही. तेवढा एक फायदा झाला."

माझ्याकडे त्यावर पत्रक नव्हतं.

"आता तू सांग," मावशी म्हणाल्या. "मी स्नेहलला शिकवलं. तिनं पहिल्या आठवड्यात याच्यापुढे शब्द काढला. आणि याच्या तोंडून तेच निघालं तर? पोरगा चांगला आहे. पण नाक बापाचं आहे. जीभ कोणाची आहे, मला माहीत नाही. म्हणून त्याला आधी सांगायचंय. तिनं तोंड उघडायच्या आत त्याला माहीत पाहिजे. आणि घरात त्याच्यासमोर उभी राहिले की मला त्याचे बाबा दिसतात. मी पुन्हा तेवीस वर्षांची होते, आणि ब्लाउजमध्ये पाकीट."

पुढचे दहा दिवस कामाच्या धावपळीत गेले. लग्न तीन आठवड्यांवर आलं. एका मंगळवारी वर्तकनगरजवळच्या एका कारखान्यात, पहिली शिफ्ट सुटल्यावर, चार वाजता कँटीनमध्ये सेशन होतं. चाळीसेक पुरुष. निम्मे घड्याळाकडे बघणारे, निम्मे चहाकडे. मावशी दमलेल्या दिसत होत्या. आवाज बसलेला. मी फलक टांगत होते तेव्हा माझं दाराकडे लक्ष गेलं. दारात प्रशिक उभा होता. हातात हेल्मेट, खांद्याला लग्नपत्रिकांची पिशवी.

माझ्या हातातली टाचणी पडली. मी धावत मावशींकडे गेले. "मावशी, प्रशिक आलाय! मी त्याला गेटवर थांबवते, काहीतरी सांगते, तोवर तुम्ही—"

"मीच बोलावलंय," मावशी म्हणाल्या. "पत्रिका वाटायला जायचंय म्हणून सांगितलं. चारला ये म्हटलं." त्यांनी साहेबांना पिशवीतून काढलं. "त्याला बस म्हणावं. मागं जागा आहे."

मी त्याला मागच्या बाकावर बसवलं. त्यानं फलकावरचं चित्र पाहिलं, आईकडे पाहिलं आणि हेल्मेट मांडीवर ठेवून दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. चेहऱ्यावरून मला काही कळेना.

मावशींनी सुरुवात केली. तारीख. हवा. टोक. मी ते सेशन शंभरदा ऐकलंय, पण त्या दिवशी त्यांनी एकही पेटंट विनोद केला नाही. साइजवाला प्रश्न आला तर नुसतं "येतो" म्हणाल्या. पुढच्या रांगेत एकानं फुगा केला, त्याच्याकडे बघितलंही नाही. मागच्या भिंतीवरच्या घड्याळाशी बोलावं तसं बोलत होत्या. प्रात्यक्षिक करताना टोक मात्र बरोबर दाबलं.

मग, जिथे सेशन संपतं तिथे, त्या थांबल्याच नाहीत.

"आता शेवटचं. हे आमच्या पत्रकात नाही," त्या म्हणाल्या. "उद्या तुमच्या बायकोनं स्वतः हे पाकीट आणून तुमच्या हातात दिलं, की आत्ता मूल नको, हे वापरूया. तर तुम्ही काय म्हणाल?"

कँटीनमध्ये खसखस पिकली. पुढच्या रांगेतला तोच फुगेवाला, चांगला चाळिशीचा माणूस, मान खाजवत म्हणाला, "मावशी, खरं सांगू? आमची बायको असलं काही आणणारच नाही. आणि आणलंच, तर डोकं फिरणार ना माणसाचं."

"का फिरणार?"

"का म्हणजे? ही कुठं शिकली, असं नाही का वाटणार?"

दोघं-तिघं हसले. "बरोबर आहे!" असा मागून कोणीतरी दुजोरा दिला.

मावशी उभ्याच राहिल्या. सोळा वर्षं त्या बाईकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. मी वाट बघत होते की आता बोलतील, आता त्याची टोपी उडवतील. पण हातातलं मॉडेल त्यांनी टेबलावर ठेवलं आणि टेबलाची कड धरली. कँटीनवाल्यानं चहाचे कप मांडायला सुरुवात केली. मी पुढे होणार, तेवढ्यात मागून आवाज आला,

"सासूनं शिकवलं असेल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रशिक उठून उभा नव्हता राहिला. बसूनच बोलला होता. कान लाल झाले होते.

"सासू?" फुगेवाला खो खो हसला. "अरे भावा, कुठल्या घरात सासू असलं शिकवते?"

"आमच्या," प्रशिक म्हणाला.

"काय सांगतोस! आणि तुला चालतं?"

"त्यात मला काय विचारायचंय?" तो म्हणाला. "शिकवणारी बाई चांगली आहे. तुम्ही आत्ता तासभर ऐकलंतच की."

दोन क्षण कोणाला काही उमजलं नाही. मग फुगेवाल्यानं प्रशिककडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, पुन्हा प्रशिककडे पाहिलं, आणि हातातला फुगा हळूच बाकाखाली सोडून दिला. कोणीतरी उगाच खोकलं. मावशी पाठ करून उभ्या होत्या. फलक गुंडाळत होत्या. एरवी फलक मी गुंडाळते.

चहा झाला, माणसं पांगली. मी बाहेर आले तेव्हा गेटजवळ दोघं गाडीपाशी उभी होती. प्रशिक आईची पिशवी गाडीच्या हुकाला अडकवत होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. मावशींचे डोळे सुजले होते. आवाज मात्र ऑफिसातलाच, दमलेला, कामाचा.

"आधी मुलुंडच्या आत्याकडे की कोलशेतला?" त्यानं विचारलं. "पत्रिका दोन्हीकडे द्यायच्यात."

मावशी पाय उचलून मागे बसल्या. साडी सारखी केली.

"स्नेहलचं कॉलेज किती वाजता सुटतं रे?"

"साडेपाच."

"मग आधी तिकडे घे," मावशी म्हणाल्या. "पत्रिका उद्या देऊ."